दिवेलागणीनंतरचा केर

शनिवारी रात्री पावणेदोनला आई पाणी प्यायला उठली. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेलो.

"अरे, अजून जागाच? काय चाललंय?"

"केर काढतोय."

तिनं आधी फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हा मुलगा शेहेचाळीस वर्षांचा झाला, पण घरातली केरसुणी कुठल्या दाराआड असते हे विचारलं तर तो गूगल करील, हे तिला पक्कं माहीत आहे. "दिवेलागणीनंतर केर काढत नाहीत, लक्ष्मी जाते," एवढं सांगून ती तांब्या-भांडं घेऊन आत गेली.

मी डेटाबेस सांभाळतो. आमच्यात केर दिवेलागणीनंतरच काढतात. क्लायंटशी झालेल्या करारातच तसं कलम असतं: शनिवारी रात्री एक ते पहाटे पाच. त्याला 'मेंटेनन्स विंडो' असं नाव आहे. ह्या खिडकीतून हवा येत नाही, उजेड येत नाही. फक्त ह्या चार तासांत तुम्ही काही मोडलंत तर ओरडायला कुणी जागं नसतं, एवढाच तिचा उपयोग. आणि लक्ष्मीचं म्हणाल तर ती आमची नाहीच, क्लायंटची. तिला दिवसाढवळ्या झाडूचा धक्का लागला तर मात्र ती जाते, आणि जाताना आमच्याकडून दंडही वसूल करून जाते.

डेटाबेसात केर होतोच कसा, हे लोकांना कळत नाही. पुसलं म्हणजे पुसलं, अशी त्यांची भाबडी समजूत. आमचा डेटाबेस आहे पोस्टग्रेस. (पूर्ण नाव पोस्टग्रेस्क्यूएल, पण ते घरातल्या थोरल्यांच्या पाळण्यातल्या नावासारखं, कागदोपत्री लागेल तेव्हाच काढायचं.) ह्या पोस्टग्रेसला पुसणं ठाऊकच नाही. समजा तुम्ही नारायण पेठेतलं बिऱ्हाड हलवून वाकडला गेलात आणि ॲपमध्ये पत्ता बदललात. तुम्हाला वाटतं, पेठ खोडून तिथं वाकड लिहिलं गेलं असेल. तसं काही होत नाही. वाकडची एक नवी कोरी ओळ लिहिली जाते, आणि नारायण पेठेच्या ओळीवर बारीकसा शिक्का बसतो की अमुक क्रमांकाच्या व्यवहारानं, म्हणजे ट्रान्झॅक्शननं, ही रद्द झाली. ओळ जागच्या जागी तशीच. 'डिलीट' म्हणालात तर नुसता शिक्का, नवी ओळसुद्धा नाही. महिन्याभरात तुम्ही चारदा मोबाइल नंबर बदललात तर तुमचे चार पूर्वावतार तिथं शिक्के मारून पडलेले असतात, आणि खरे तुम्ही पाचवे.

ह्यात आळस नाही, सौजन्य आहे. दहा वाजता कुणीतरी महिनाअखेरचा रिपोर्ट लावला, त्याला चाळीस मिनिटं लागणार. ह्या चाळीस मिनिटांत जग इकडचं तिकडं झालं तरी त्या रिपोर्टला दहा वाजताचंच जग दिसलं पाहिजे, नाहीतर बेरजा जुळायच्या नाहीत. म्हणून जुन्या ओळी त्याच्यासाठी राखून ठेवायच्या आणि नव्या बाकीच्यांना दाखवायच्या. वाचणाऱ्यानं लिहिणाऱ्याला अडवू नये, लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याला. माझे एक काका १९७८ साली नोकरीसाठी इंदूरला गेले ते तिथलेच झाले. दर उन्हाळ्यात येतात आणि आपण चालतच डेक्कनला जाऊन येऊ म्हणतात. त्यांच्या पुण्यात रस्ता ओलांडता येतो. आम्ही कुणी त्यांना दुरुस्त करत नाही. त्यांचं ट्रान्झॅक्शन १९७८ साली उघडलेलं आहे, त्यांना १९७८चंच पुणं दिसणार.

मुळात पोस्टग्रेसची ही न पुसण्याची खोड जन्मापासूनची. १९८६च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर ह्यांनी पोस्टग्रेसचं काम सुरू केलं तेव्हा जुनं काहीच पुसायचं नाही, हेच तत्त्व होतं. गेल्या गुरुवारी दुपारी ह्या माणसाचा पत्ता काय होता, असंसुद्धा विचारता यावं. ह्या सोयीला त्यांनी 'टाइम ट्रॅव्हल' म्हटलं, आणि जुन्या ओळी उचलून दप्तरखान्यात नेऊन ठेवायला एक नोकर नेमला. त्याचं नाव व्हॅक्यूम क्लीनर. पुढं नव्वदच्या दशकात टाइम ट्रॅव्हल बंद पडलं. दप्तरखाना गेला, पण साठवायची सवय राहिली आणि नोकरही राहिला. स्टोनब्रेकर ह्यांना त्यांच्या एकूण कामासाठी २०१४चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, ते योग्यच झालं. माळा बांधणाऱ्याला पारितोषिक आणि झाडणाऱ्याला शनिवारची रात्र, ही विभागणी फक्त मला जरा खटकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आईनं चौकशी केली.

"काढलास मग तो केर?"

"काढला."

"टाकलास कुठं?"

"बाहेर नाही टाकता येत. आतच आहे."

तिचा चेहरा उजळला. "मग हरकत नाही. रात्रीचा केर बाहेर टाकायचाच नसतो. कोपऱ्यात लोटून ठेवायचा."

मी कप खाली ठेवला. गेली पंधरा वर्षं, एकामागून एक सहा मॅनेजरांना, फळ्यावर चौकोन काढकाढून मी जे समजावतोय, ते ह्या बाईनं फोडणीच्या वासात एका वाक्यात सांगून टाकलं होतं. साधा व्हॅक्यूम नेमका हेच करतो. मेलेल्या ओळी साफ होतात, पण त्यांनी अडवलेली जागा त्या ज्या तक्त्यात, म्हणजे टेबलात, होत्या त्याच्याच नावावर राहते. पुढची नवी ओळ आली की तिला ती जागा मिळते. डिस्कच्या पदरात मात्र काही पडत नाही. टेबलाच्या शेपटाकडची पानं अगदी रिकामी सापडली तर तेवढी परत मिळतात, पण ते म्हणजे भाडेकरूनं आपण होऊन खोली सोडण्याइतकं दुर्मीळ. त्यामुळे सोमवारी सकाळी ठरलेला प्रश्न येतो: "डिलीट मारलं, व्हॅक्यूम मारलं, तरी डिस्क ९२ टक्केच कशी?" ह्या प्रश्नाला उत्तर आहे, पण पदोन्नती मिळेल असं उत्तर नाही.

आमच्या स्वयंपाकघराचंही तंत्र हेच. श्रीखंड संपतं, डबा संपत नाही. तो धुऊन, पालथा वाळवून फडताळात जातो. पुढं त्यात ओलं खोबरं, मग भिजवलेले हरभरे, मग रवा. कुठल्या फळीवर कुठला डबा रिकामा आहे ह्याचा नकाशा आईच्या डोक्यात पक्का असतो. पोस्टग्रेसमध्येही असा नकाशा असतो, 'फ्री स्पेस मॅप' म्हणून. व्हॅक्यूम तोच भरत जातो. फरक एवढाच की पोस्टग्रेसला डब्याबरोबर झाकणही शोधावं लागत नाही.

जागा खरोखरच परत हवी असेल तर दुसरा उपाय आहे, व्हॅक्यूम फुल. नावावरून वाटतं की तेच काम, जरा मन लावून. गैरसमज. हे झाडणं नव्हे, हे दिवाळीआधीचं रंगकाम. घरातली वस्तू न् वस्तू उचलून नव्या जागी नीट लावायची, आणि मग जुनं घर पाडायचं. हे चालू असताना त्या टेबलात कुणालाही पाऊल टाकता येत नाही. लिहिणं सोडा, डोकावतासुद्धा येत नाही.

आमच्याकडे एक हुशार ज्युनियर होता. एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे क्लायंटच्या ऑर्डरींचा पाऊस ऐन भरात असताना, तो माझ्याकडे आला. चेहऱ्यावर घर आवरून ठेवलेल्या सुनेचं समाधान.

"सर, डिस्क भरत आली होती ना, मी ऑर्डर्सच्या टेबलावर फुल मारलाय."

"कशावर?"

"प्रॉडक्शनवर, सर."

मी काही बोलायच्या आत टेबलावरचा फोन बोलला. मग खिशातला. मग शेजाऱ्याचा. टेबल होतं १८० जीबीचं. त्यात खरा माल ४०, बाकी सगळे शिक्के मारलेले पूर्वज. आणि डिस्कवर मोकळी जागा उरली होती २२. आता नवं घर जुन्याच्या शेजारी बांधायचं, आणि ते पुरं होईपर्यंत जुनं पाडायचं नाही, हा फुलचा नियम. ४० चा माल २२ मध्ये मांडता मांडता एकोणीस मिनिटांनी डिस्क भरली आणि आज्ञा मोडून पडली. नशीब एवढंच की अशा वेळी अर्धवट नवं घर मोडतं आणि जुनं जसंच्या तसं शाबूत राहतं. म्हणजे एकोणीस मिनिटं अख्खा धंदा बंद ठेवून आम्ही जिथं होतो तिथंच परत आलो. जागा नाही म्हणून जागा करायला गेलो तर त्यालाच जागा लागते! बँकेचा अनुभव असलेल्या माणसाला हे नवीन नाही. आपल्याला कर्जाची गरज नाही असं सिद्ध करता आलं तरच तिथं कर्ज मिळतं.

एरवी ह्या कशाचीच वेळ येऊ नये म्हणून रोजच्या कामाला एक मावशी ठेवलेल्या असतात. त्यांचं नाव ऑटोव्हॅक्यूम. २००५ सालच्या ८.१ आवृत्तीत त्या पोस्टग्रेसच्या घरात राहायला आल्या आणि २००८च्या ८.३ पासून कुणी न सांगताच कामाला लागल्या. त्याआधी काय होतं म्हणाल, तर घरच्यांनीच आठवणीनं झाडायचं. म्हणजे काय होत असेल ते तुम्ही ओळखलंच. मावशी दर मिनिटाला दार ढकलून बघतात. टेबलाच्या साधारण वीस टक्के ओळी, अधिक वरकड पन्नास, एवढा केर जमला की पदर खोचतात. भिडस्त इतक्या की काम करता करता मध्येच दोन मिलिसेकंद थांबतात, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. आणि कुणी टेबलाला कुलूप घालायला आलंच तर हातातलं काम टाकून "मी मागाहून येते" म्हणत निघून जातात.

एवढ्या गुणी बाईबद्दलही तक्रारी येतात. "सर, सिस्टिम स्लो आहे, ऑटोव्हॅक्यूम चालू दिसतोय, बंद करू?" दर सहा महिन्यांनी कुणीतरी नव्यानं हा शोध लावतं. फरशी पुसताना मावशी "पाय वर घ्या" म्हणतात, म्हणून मावशींनाच काढून टाकणारी ही माणसं. मग चार महिन्यांनी घरात चालायला वाट उरत नाही आणि मला शनिवारी रात्री बोलावलं जातं. खरं तर दोष वीस टक्क्यांच्या हिशेबात असतो. शंभर ओळींच्या टेबलाला वीस टक्के ठीक. दहा कोटींच्या टेबलात त्याचा अर्थ दोन कोटी मुडदे साठेपर्यंत मावशी ढुंकून बघणार नाहीत. तिथं तो आकडा वीसचा एक करावा लागतो. मावशींना हाकलण्यापेक्षा जास्त वेळा बोलवावं, हे लोकांना घरी कळतं, ऑफिसात कळत नाही.

केर काढण्याइतकंच महत्त्वाचं दुसरं एक काम मावशींकडेच असतं, मोजदादीचं. त्याचं नाव ॲनलाइझ.

लग्नाच्या स्वयंपाकाला आलेला आचारी यादी बघायच्या आधी एकच विचारतो: पानं किती? त्यावर सगळं ठरतं. डेटाबेसातही असा एक आचारी बसलेला असतो, त्याला प्लॅनर म्हणतात. तुम्ही प्रश्न विचारला की आधी तो मनाशी म्हणतो, ह्यातून ओळी किती निघतील? थोड्या असतील तर कामाची रीत वेगळी, लाखो असतील तर वेगळी. पण तो उठून मोजत नाही. शेवटच्या ॲनलाइझनं भिंतीवर जो कागद लावून ठेवला असेल तो वाचतो. तो कागदही काही शिरगणती नव्हे. टेबल लाखाचं असो की अब्जाचं, नेहमीच्या मांडणीत ॲनलाइझ साधारण तीस हजार ओळी उचलून बघतो आणि बाकीचं ठरवतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आणि गंमत म्हणजे ती बहुतेक वेळा बरोबर येते.

चुकते केव्हा, तर भात बदलला आणि शितं जुनीच राहिली तेव्हा. आमच्याकडे एका दिवाळीत पैसे कापले गेले पण ऑर्डर लागलीच नाही, असा घोळ झाला. मग कुणीतरी एका फटक्यात तीन लाख ऑर्डरींवर 'रिफंड बाकी' अशी नवी खूण केली. ही खूण त्या सहा कोटींच्या टेबलात पूर्वी कधीच नव्हती. तीन लाख म्हणजे अर्धा टक्का; ॲनलाइझ आपण होऊन उठतो दहा टक्क्यांना. त्यामुळे भिंतीवरच्या कागदावर रिफंडाचा उल्लेखच नाही. सकाळी नऊला हिशेब खात्यानं रिपोर्ट लावला. आचाऱ्यानं कागद बघितला आणि म्हणाला, रिफंडवाले? असा कोणी नाही घरात. फार तर एखादा असेल.

एक पाहुणा, म्हणून त्यानं एका कपाचं भांडं गॅसवर चढवलं. चहा केला, कप दिला, भांडं विसळलं. दारात दुसरा उभा. पुन्हा भांडं चढवलं, चहा केला, कप दिला, भांडं विसळलं. दारात तिसरा. तीन लाख पाहुणे रांगेत उभे असताना हा गृहस्थ दर वेळी एका कपाचंच आधण ठेवतोय, कारण कागदावर एक लिहिलंय. मोठं पातेलं शेजारीच आहे. पण मध्येच पातेलं बदलायची त्याला परवानगी नाही. एकदा ठरलेली रीत शेवटपर्यंत.

दुपारी दोनपर्यंत रिपोर्ट चाललेलाच. तोवर तीन बैठका झाल्या होत्या. नवा सर्व्हर घ्यावा असं एकाचं मत पडलं, क्लाउड बदलावा असं दुसऱ्याचं. मी आचाऱ्याचा बेत उघडून बघितला: अपेक्षित ओळी, एक. प्रत्यक्षात, एक लाख ऐंशी हजार आणि रांग चालूच. रिपोर्ट थांबवला, ॲनलाइझ एवढा एक शब्द आणि टेबलाचं नाव टंकलं, रिपोर्ट पुन्हा लावला. सहा सेकंद. खोलीत शांतता पसरली. "काय केलंत?" मॅनेजरनं विचारलं. खरं उत्तर होतं की पानं मोजली. पण तेवढ्यावर वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरत नाही, म्हणून मी "क्वेरी ऑप्टिमायझेशन" म्हणालो.

व्हॅक्यूमचं काम झालं की तो हिशेब देतो. इतक्या ओळी काढल्या, इतक्या राहिल्या, आणि मग एक वाक्य येतं ज्याचं मराठी असं होईल: इतक्या मेलेल्या आहेत, पण अजून हलवता येत नाहीत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आमच्या आळीतलं एक घर आठवलं. आजोबा पहाटे गेलेले, सगळे जमलेले, भटजी बोलावलेले. पण थोरला शिकागोहून निघालाय, तो येईपर्यंत कुणी हलवायचं नाही. डेटाबेसातला हा थोरला म्हणजे कुठंतरी उघडं राहिलेलं एखादं ट्रान्झॅक्शन. त्यानं जुनं जग अजून डोळ्यांपुढं धरलेलं असतं, आणि तो केव्हाही ती ओळ बघायला मागेल ह्या भीतीनं व्हॅक्यूम तिला हात लावत नाही. एकदा आठवडाभर एक टेबल फुगत होतं आणि मावशी येऊन रिकाम्या हातांनी परत जात होत्या. शोधलं तर शुक्रवारी संध्याकाळी एकानं 'बिगिन' लिहून ट्रान्झॅक्शन उघडलं होतं आणि ते मिटवणारं 'कमिट' लिहायच्या आधी तो चुलतभावाच्या लग्नाला सांगलीला गेला होता. लॅपटॉप चालू, पाटी लागलेली: ट्रान्झॅक्शनमध्ये आहे, पण रिकामा बसलाय. लग्न झालं, पूजा झाली, जोडपं जेजुरीला जाऊन आलं, तोवर आमचे चार कोटी मुडदे बर्फावर.

मावशी एकाच बाबतीत भिडस्तपणा सोडतात. पोस्टग्रेस प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देतो, आणि ते क्रमांक चारशे एकोणतीस कोटींच्या आसपास संपतात. मग पुन्हा पहिल्यापासून, पंचांगातल्या साठ संवत्सरांसारखं. पणजोबा प्रभव संवत्सरात जन्मले म्हटलं तर कुठल्या प्रभवात, हा घोळ तिथंही आहेच. इथं कुठल्याही क्रमांकावरून मागचे दोनशे कोटींवर क्रमांक भूतकाळ, पुढचे तितकेच भविष्यकाळ. फार जुनी ओळ वेळेवर 'गोठवली' नाही, म्हणजे 'ही पूर्वापार आहे, सर्वांना दिसावी' असा शिक्का मारला नाही, तर चक्र फिरता फिरता ती भविष्यात जाईल आणि दिसेनाशी होईल. म्हणून वीस कोटी व्यवहार झाले की मावशी न विचारता येतात, मालकानं ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवला असला तरी येतात, आणि ह्या वेळी "मागाहून येते" म्हणत नाहीत. तरीही कुणी काम होऊच दिलं नाही, तर शेवटचे तीस लाख क्रमांक उरताना डेटाबेस नवं लिहून घ्यायचंच थांबवतो. ईमेल पाठवणारी एक मोठी अमेरिकन सेवा २०१९च्या फेब्रुवारीत ह्याच पायरीवर अडखळली होती. ती बातमी मी प्रिंट काढून डेस्कवर लावली आहे. जिथं लोक गजाननाचा फोटो लावतात, तिथंच.

तर एवढं सगळं कोळून प्यायलेला मी, ह्या नवरात्राआधीच्या रविवारी घरचा माळा आवरायला स्टुलावर चढलो. ठरवून, व्हॅक्यूम फुल करायचाच म्हणून. आई खाली स्टूल धरून.

"हे मिक्सरचं खोकं टाकू? मिक्सर जाऊन नऊ वर्षं झाली."

"राहू दे. थर्माकोल चांगलाय त्यातला."

"हा रेडिओ?"

"तुझ्या बाबांचा आहे."

"बंद आहे."

"बंद आहे म्हणून काय झालं?"

कुकरच्या तीन शिट्ट्या, आहेरात आलेली आणि नाव कोरल्यामुळे पुढं कुणाला देता न येणारी अकरा स्टीलची ताटं, कुठल्या यंत्राची ते कुणालाच न आठवणारी वायर. प्रत्येक वस्तू मी उचलली की खालून "राहू दे". मेलेल्या, पण अजून हलवता येत नाहीत. दोन तासांत खाली आली ती एकच वस्तू, श्रीखंडाचा एक किलोचा पिवळा पडलेला डबा, झाकणासकट. ती तेवढी मी दाराबाहेर कचऱ्याच्या पिशवीपाशी नेऊन ठेवली आणि आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर डबा ओट्यावर. घासलेला, पुसलेला, आणि त्यात उपासाची राजगिऱ्याची वडी थापायला घेतलेली.

"बघ," आई म्हणाली, "लागला का नाही?"